एकाची फरशी, दुसऱ्याचें छत

शेजारधर्म हा आमच्या भाषेंतील फार जुना शब्द आहे. परंतु तो ज्या काळीं रूढ झाला, त्या काळीं शेजारी म्हणजे भिंतीपलीकडचा मनुष्य असे. भिंत दोघांच्या मध्यें उभी असते. तिला तडा गेला तर तो दोघांनाहि दिसतो, आणि भांडावयाचेंच झालें तर दोघेहि एकाच पातळीवर उभे राहून भांडतात. मोठ्या शहरांत गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत एक निराळा शेजारी निर्माण झाला आहे. तो आपल्या डोक्यावर राहतो, किंवा आपण त्याच्या डोक्यावर राहतों. या शेजाऱ्याशीं आपला धर्म कोणता, हें जुन्या शब्दांत नीट बसत नाहीं. आणि म्हणूनच कीं काय, वरच्या घरांतून खालच्या घरांत पाणी गळूं लागलें म्हणजे शहाणींसुरतीं, सुशिक्षित, एरव्हीं दिवाळीला एकमेकांकडे फराळाचें ताट पाठविणारीं कुटुंबें एकाएकीं वैऱ्यासारखीं वागूं लागतात. गळक्या मोरीचा विचार प्लंबरनें करावा, प्राध्यापकानें करूं नये, असें कोणी म्हणेल. परंतु प्लंबरचें काम सुरू होण्यापूर्वींच जें भांडण सुरू होतें, तें नळाचें नसून नीतीचें असतें. म्हणून त्याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वीं वाड्यांत बिऱ्हाडें एकावर एक राहत नसत असें नाहीं, माडी होतीच. परंतु सबंध वाडा एका मालकाचा असे. मृग लागण्यापूर्वीं घर शाकारून घेणें हें त्याचें काम. आणि गळलें तर सगळीं बिऱ्हाडें मिळून त्याच्या नांवानें खडे फोडीत. घराच्या मालकीचे तुकडे झाले ते नंतर. मुंबईस गांवदेवी येथें सारस्वत मंडळींची सहकारी गृहसंस्था १९१५ सालीं स्थापन झाली. पुढें १९६० सालीं राज्याचा सहकारी संस्थांचा कायदा झाला, १९६३ सालीं मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. आणि मध्यमवर्गांतील असंख्य कुटुंबांनीं आयुष्याची पुंजी घालून अधांतरीं दोन-चार खोल्या विकत घेतल्या. या खोल्यांना स्वतःची भुई नाहीं व स्वतःचें आढें नाहीं. एकाची फरशी तेंच दुसऱ्याचें छत. चार-सहा इंच जाडीच्या काँक्रीटच्या एकाच थराला हीं दोन नांवें आहेत, आणि त्या दोन नांवांमध्यें सारें भांडण सांठलेलें आहे.

या भांडणाचें मर्म समजण्यासाठीं पाण्याची चाल थोडी समजून घेतली पाहिजे. न्हाणीघराची जमीन बहुधा बाकीच्या जमिनीपेक्षां खोल ओतलेली असते. त्या खोलगट भागांत नळ टाकून, विटांचे तुकडे भरून वर कोबा व फरशी करतात. फरशीच्या सांध्यांतून किंवा मोरीच्या जाळीभोंवतालच्या भेगेंतून पाणी आंत शिरलें, कीं तें या भरावांत मुरत राहतें. वर कांहींहि दिसत नाहीं. भराव पाण्यानें संपृक्त झाला म्हणजे तें वाट शोधूं लागतें. आणि पाण्याला नकाशा ठाऊक नसल्यामुळें तें मोरीच्या खालींच उतरेल असें नाहीं. स्लॅबमधील एखाद्या सूक्ष्म भेगेनें सरकत सरकत तें चार हात दूर, खालच्या माणसाच्या देवघरावर किंवा पुस्तकांच्या कपाटावर प्रकट होतें. प्रथम एक पिवळसर डाग, मग रंगाचे पोपडे, मग काळी बुरशी. येथवर पुष्कळांना वाटतें कीं, हा केवळ शोभेचा प्रश्न आहे. परंतु तसें नाहीं. काँक्रीटच्या पोटांत लोखंडी सळया असतात. ओल त्यांच्यापर्यंत पोंचली कीं त्या गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो, आणि तो आंतून काँक्रीटला फोडूं लागतो. एके दिवशीं छताचा एक तुकडा खालीं येतो. सुदैव असलें तर तो रिकाम्या खाटेवर पडतो. म्हणजे "थोडीशी ओल" हे शब्द वरच्या मजल्यावर जितके खरे वाटतात, तितके ते खालच्या मजल्यावर खरे नसतात. आणि ज्या सळया गंजत आहेत, त्या वरच्याच्या पायांखालच्याहि आहेत.

आतां या स्थितीची नैतिक विलक्षणता पाहा. दुःख सगळें खालीं आहे आणि उपाय सगळा वर आहे. खालच्या माणसानें आपलें छत कितीहि वेळां खरवडून रंगविलें तरी गळती थांबत नाहीं. ती थांबवावयाची तर वरच्याची फरशी उकलली पाहिजे. आणि वरच्या माणसाला, ज्याच्या हातीं उपाय आहे त्याला, कोणत्याहि इंद्रियानें त्या दुःखाची वार्ता मिळत नाहीं. आपल्या हातून दुसऱ्यास धक्का लागला तर तो कळवळतो, तें आपण पाहतों, आणि आपला हात आपोआप मागें येतो. सामान्य माणसाची बरीचशी नीति या पाहण्यावर उभी आहे. येथें ती पाहण्याची सोयच नाहीं. मनुष्य रोज सकाळीं स्नान करतो, संध्या करतो, कोणाचें वाईट चिंतीत नाहीं. आणि त्याच स्नानाचें पाणी खालच्या घरीं झोपलेल्या मुलाच्या पाळण्यावर ठिबकत असतें.

म्हणून खालचा गृहस्थ जिना चढून वर येतो व सांगूं लागतो, तेव्हां वरच्याचें पहिलें उत्तर ठरलेलें असतें: "अहो, आमच्याकडे तर सगळें ठणठणीत कोरडें आहे, वाटल्यास आंत येऊन पाहा." या उत्तरांत खोटें कांहींच नाहीं. त्याच्याकडे खरोखरच कोरडें आहे. चूक आहे ती "येऊन पाहा" या निमंत्रणाच्या दिशेंत. पाहण्यासारखें जें आहे तें खालीं आहे, आणि हा गृहस्थ दुसऱ्याला वर बोलावतो आहे. त्यानें चपला घालून एक मजला खालीं उतरावें, मान वर करून स्वतःच्याच फरशीची दुसरी बाजू पाहावी, ही गोष्ट त्याला सुचत नाहीं. किंवा सुचते आणि तो ती टाळतो. तो कां टाळतो, हा आमच्या मतें या विषयांतील मुख्य प्रश्न आहे.

तो टाळतो याचें कारण केवळ खर्चाची भीति नव्हे. पुष्कळदां खर्च झेपण्यासारखा असतो आणि तरीहि मनुष्य वर्षभर हटून बसतो. खरें कारण असें कीं, खालीं जाऊन पाहणें म्हणजे आपण अपराधी आहों असें कबूल करणें होय, असें त्याला वाटतें. "मीं मुद्दाम केलें कां? मला ठाऊक तरी होतें कां?" हा त्याचा सवाल असतो, आणि तो सवाल पोरकट मुळींच नाहीं. तत्त्वज्ञानांतील एक मोठी परंपरा त्याच्या पाठीशीं उभी आहे. जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें कर्माचें नैतिक मोल परिणामांवर नव्हे तर संकल्पाच्या शुद्धतेवर ठरविलें. ज्याचा संकल्प निर्मळ, त्याच्या हातून दैवयोगानें कांहींहि घडलें तरी त्याच्या सदिच्छेचें तेज कमी होत नाहीं. फुटका नळ हा दैवयोगच; मग दोष कोणाचा?

दोष कोणाचाहि नाहीं, हें आम्ही मान्य करतों. परंतु दोष नाहीं म्हणून कर्तव्यहि नाहीं, ही उडी आम्हांस मान्य नाहीं. आमच्या प्राचीन ग्रंथकारांनीं या दोन गोष्टी फार कुशलतेनें निरनिराळ्या ठेविल्या आहेत. महाभारताच्या आदिपर्वांत अणीमांडव्य ऋषीची कथा आहे. चोरांनीं त्याच्या आश्रमांत दडी मारली म्हणून राजानें त्यालाहि शूळावर चढविलें. हें कशाचें फळ, असें त्यानें धर्माला विचारलें, तेव्हां उत्तर मिळालें कीं, लहानपणीं तूं किड्यांच्या शेपटांत गवताच्या काड्या खुपसल्या होत्यास. ऋषि संतापला. अजाण वयांतील कृत्याला एवढा दंड देणाऱ्या प्रत्यक्ष धर्मालाच त्यानें शाप दिला, आणि चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्यांना पाप समजूं नये अशी मर्यादा घालून दिली. अजाणत्याला दंड करणें हा अन्याय आहे, हें या कथेचें सांगणें आहे. पण याच परंपरेंतील मनुस्मृतीचा अकरावा अध्याय पाहावा. तेथें अजाणतां घडलेल्या पापाला प्रायश्चित्त सांगितलेलें आहे, आणि त्याविषयीं शंका नाहीं; वाद आहे तो जाणूनबुजून केलेल्या पापालाहि प्रायश्चित्त लागू पडतें कीं नाहीं याविषयीं. वरवर पाहतां हा उलटा न्याय वाटेल. परंतु त्याचा अर्थ सरळ आहे. प्रायश्चित्त हा दंड नव्हे. विसकटलेलें पुन्हा सारखें करण्याचा तो उपाय आहे. ज्यानें मुद्दाम मोडलें त्याचें काय करावें याविषयीं पंडितांत मतभेद होऊं शकतो. ज्याच्या हातून नकळत मोडलें त्यानें तें सारखें करावें, याविषयीं होत नाहीं.

न्यायाच्या इतिहासांतहि हाच झगडा दिसतो. प्राचीन रोममध्यें अनेक मजल्यांच्या भाड्याच्या इमारती होत्या, आणि वरच्या-खालच्यांचे तंटे तेव्हांपासूनचे आहेत. मिंटुर्नी गांवच्या एका पनीरवाल्याच्या दुकानाचा धूर वरच्या घरांत जाई. त्यावर अॅरिस्टो या कायदेपंडितानें जें मत दिलें तें उल्पियननें नोंदून ठेविलें, व इ. स. ५३३ मध्यें सम्राट् जस्टिनियनच्या संग्रहांत तें समाविष्ट झालें. तसा हक्क मिळविलेला नसेल तर खालच्यानें वर धूर सोडूं नये व वरच्यानें खालीं पाणी सोडूं नये. आपल्या जागेंत वाटेल तें करावें, पण तें दुसऱ्याच्या जागेंत शिरूं लागलें कीं आपली सत्ता संपली, असा त्या मताचा आशय आहे. यांत हेतूची चौकशी नाहीं. पाणी गेलें कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे.

इंग्रजी न्यायालयांनीं हा प्रश्न दोन्हीकडून पाहिला. लँकेशायरमधील रायलंड्स नांवाच्या गिरणीमालकानें एक जलाशय बांधविला. १८६० च्या डिसेंबरांत त्याचें पाणी जुन्या विवरांतून फ्लेचरच्या कोळशाच्या खाणींत शिरलें. रायलंड्सला त्या विवरांची माहिती नव्हती, आणि स्वतः त्याची हयगय शाबीत झाली नव्हती. तरीहि १८६८ सालीं उमरावांच्या सभेनें त्यालाच जबाबदार धरलें: सुटल्यास नाश करील अशी वस्तु ज्यानें आपल्या सोयीसाठीं आणून सांठविली, त्यानें ती सांभाळण्याची जोखीमहि घेतली पाहिजे. पुढें १९१३ सालीं मेलबर्नमधील एका इमारतीचा खटला प्रिव्ही कौन्सिलपुढें आला. चौथ्या मजल्यावरील हात धुण्याच्या भांड्याचें तोंड कोणा अज्ञात खोडसाळानें बुजवून नळ सोडून दिला होता, आणि दुसऱ्या मजल्यावरील भाडेकऱ्याचा माल भिजला होता. येथें निकाल उलट झाला. घरांत नळ असणें हा साधा, सर्वांचा व्यवहार आहे; परक्यानें केलेल्या दुष्टपणाबद्दल मालकाला धरतां येणार नाहीं, असें ठरलें. आम्हांस हे दोन निकाल परस्परविरोधी वाटत नाहींत. सांठविलेल्या पाण्याची जोखीम केवढी आणि ती कोणावर टाकावी, हें न्यायाधीशांना पैशाच्या मापानें ठरवावें लागतें, आणि तें माप कोठेंतरी थांबतें. परंतु चौथ्या मजल्यावरचा नळ बंद कोणी करावा, याविषयीं खटला झाला नाहीं. तसा होऊंहि शकत नाहीं.

आमच्या काळांतील इंग्रज तत्त्ववेत्ते बर्नार्ड विल्यम्स यांनीं १९७६ सालीं या अनुभवाकडे लक्ष वेधलें. एका लॉरीचालकाची कांहींहि चूक नसतां त्याच्या गाडीखालीं मूल सांपडतें. आजूबाजूच्या सर्वांना हळहळ वाटते; पण चालकाला जें वाटतें तें निराळें असतें, आणि तें निराळें असावें अशीच आपली अपेक्षा असते. "माझी चूक नव्हती" असें म्हणून तो तत्काळ शीळ घालीत पुढें निघाला, तर त्याचें म्हणणें खरें असूनहि तो मनुष्य आपणांस बरा वाटणार नाहीं. अपराध नसतांनाहि "हें माझ्याकडून झालें" असें म्हणण्याची एक जागा मनुष्याच्या मनांत असते. गळतीच्या भांडणांत नेमकी ती जागाच हरवते. वरच्याच्या कोशांत दोनच शब्द उरतात: अपराधी आणि निरपराध. आपण अपराधी नाहीं हें त्याला पक्कें ठाऊक असतें. म्हणून आपला कांहीं संबंधच नाहीं, असें तो ठरवितो.

परंतु त्याच्या निरपराधीपणाला एक मुदत आहे, ही गोष्ट तो विसरतो. खालचा मनुष्य दार ठोठावीपर्यंत तो खरोखर निष्पाप होता. नकळत घडणाऱ्या गोष्टीचा बोल त्याला लावतां येत नव्हता. दार उघडून त्यानें ऐकून घेतलें त्या क्षणीं "मला ठाऊक नव्हतें" हें वाक्य भूतकाळांत जमा झालें. त्यानंतर रोज सकाळीं जें पाणी खालीं जातें, तें जाणतेपणीं जातें. नळ फुटणें हें दैव. दार लावून घेणें ही कृति आहे.

येथें एक कठीण प्रसंग विचारांत घेतला पाहिजे, नाहींतर आमचें म्हणणें फार स्वस्त होईल. समजा, वरच्या मजल्यावर एक वृद्ध विधवा बाई एकट्या राहतात. घर चाळीस वर्षांपूर्वीं पतीनें घेतलेलें. नळ त्या वेळचेच. त्यांनीं कांहीं मोडलें नाहीं, कांहीं बदललें नाहीं. कुटुंबनिवृत्तिवेतनांत महिना कसाबसा निघतो. खालीं मिळवतें तरुण जोडपें व तान्हें मूल. मुलाच्या खोलीच्या छताला बुरशी. महाराष्ट्रांतील गृहसंस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणें पावसाच्या पाण्याची गळती व सामाईक नळांची दुरुस्ती हा संस्थेचा खर्च, आणि न्हाणीघर-मोरीच्या आंतील गळतीचा खर्च संबंधित सभासदांचा. नियम म्हणून ही वांटणी वाजवी आहे. पण त्या बाईंना ती दाखवून "काकू, तुमचा नळ, तुमचा खर्च" असें म्हणून जिना उतरणें, हें नियमाला धरून असलें तरी आमच्या मनाला पटत नाहीं. आणि बाईंनीं "मला झेपत नाहीं" म्हणून दारच उघडूं नये, हेंहि पटत नाहीं.

या पेंचांतून वाट निघते ती वरच्याच्या कर्तव्याचे भाग पाडल्यानें. खालीं येऊन पाहणें, आणि आपल्या घरांत तपासणी करूं देणें, हा पहिला भाग. याला पैसा लागत नाहीं. म्हणून यांतून गरीब-श्रीमंत, तरुण-वृद्ध, कोणालाच सूट नाहीं. पाय चालत नसतील तर शेजाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा, म्हणजे पाहिल्यासारखेंच झालें. गळती थांबवूं देणें, म्हणजे फरशी उकलूं देणें, चार दिवस न्हाणीघरावांचून काढणें, हा दुसरा भाग. हा त्रासाचा आहे, पण तो दुसऱ्या कोणाला करतांच येत नाहीं. तिसरा भाग खर्चाचा, आणि नेमका तोच तेवढा वांटून घेतां येण्यासारखा आहे. तान्ह्या मुलाच्या बापानें निम्मे पैसे घातले, त्या चार दिवसांत आपलें न्हाणीघर काकूंना मोकळें करून दिलें, तर त्याचा हक्क बुडाला असें आम्ही म्हणणार नाहीं. नेहमींच्या भांडणांत होतें तें नेमकें उलट: जो भाग वांटून घेण्याजोगा आहे त्यावरून तंटा सुरू होतो, आणि त्या तंट्यापायीं न वांटतां येणारे दोन भाग वर्षानुवर्षें पडून राहतात. तंट्याच्या काळांत पाणी थांबत नाहीं.

खालच्या माणसाचींहि कर्तव्यें आहेत, आणि तीं सांगितल्यावांचून हा निबंध एकांगी होईल. पहिला डाग दिसतांच त्यानें सांगावें. सहा महिने मनांत कुढून मग सबंध वर्षाचा राग घेऊन वर जाऊं नये. जो अजून निष्पाप आहे त्याच्याशीं आरोपीशीं बोलावें तसें बोललें, कीं तो आरोपीसारखाच बचाव करूं लागतो. शिवाय पाणी वरून आलें तरी वरच्याच्याच घरचें असेल असें नाहीं. अहोरात्र सारखें ठिबकत असेल तर भरलेल्या दाबाच्या नळाचा संशय घ्यावा. वापराच्या वेळींच वाढत असेल तर सांडपाण्याच्या वाटेचा. आणि केवळ पावसाळ्यांत येत असेल तर बाहेरच्या भिंतीचा. मोरीचें तोंड बंद करून एक दिवस पाणी सांठवून पाहणें, त्यांत रंग टाकून पाहणें, एकेक नळ बंद ठेवून पाहणें, या परीक्षा साध्या आहेत. त्या होईपर्यंत "तुमचेंच पाणी" असें म्हणण्याचा अधिकार त्यालाहि नाहीं. आणि एक गोष्ट त्यानें कधींहि करूं नये: डागावर ताजा रंग देऊन घर दुसऱ्यास विकूं नये. जो स्वतः न पाहणाऱ्याच्या हातून पोळला, त्यानें दुसऱ्याच्या डोळ्यांवर झांपड घालावी, याला क्षमा करणें आम्हांस जड जातें.

अशा इमारतींत सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याची कहाणी मात्र थोडी निराळी असते. त्याच्या डोक्यावर शेजारी नाहीं. गच्ची आहे, आणि गच्ची सर्वांची आहे. पावसाळ्यांत त्याचें छत गळूं लागलें म्हणजे प्रश्न सभेपुढें येतो. सर्वांनीं वर्गणी काढून गच्चीचें वॉटरप्रूफिंग करावें, असा ठराव मांडला जातो. आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या मजल्यावरचीं सज्जन माणसें एकामागून एक उठून सांगतात कीं, आमच्याकडे तर गळत नाहीं. यांतील कित्येकांनीं स्वतःच्या वरच्या शेजाऱ्याच्या तोंडून हेंच वाक्य ऐकलेलें असतें, आणि तें ऐकून त्यांचें रक्त उसळलेलें असतें. वाक्य तेंच आणि तितकेंच खरें. तें आपल्या तोंडीं आल्यावर मात्र त्यांत कांहीं वावगें वाटत नाहीं.

अशा सभेंत वाद घालण्यापूर्वीं अध्यक्षांनीं सर्व सभासदांना एकदां त्या वरच्या घरांत नेऊन उभें करावें. मतें बदलतीलच असें नाहीं. पण जो ठराव होईल तो निदान पाहून केलेला असेल. ज्याच्या घरीं कोरडें आहे त्यानें ओल्या घरीं जाऊन पाहावें, हा आमच्या मतें या नव्या शेजारधर्माचा पहिला नियम आहे. बाकीचे नियम उपविधींत सांपडतात.